कणगीवरचा कागद

पाले, ता. महाड
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, बुधवार, सन १९६०

हैबती,

पहिली कोण आली म्हणशील तर बनुबाईच. गावात परकं कुत्रं शिरलं तरी आधी हिला वास. मी खळ्यावर भात पाखडत होते, तर कुंपणाबाहेरनंच आरोळी, "गो प्रयागे, सूप ठेव गो! मुंबयची बाई येते हाय तुझ्याकडं, नि मागनं तिचा नवरा पिशवी घेऊन!"

मी म्हटलं, "मग त्यात काय गो?"

"अगो, पिशवी तो धरतो नि पुढं ती चालते!"

खरंच तसंच. बाई तिशीची असेल, पायात पोरासारखे कापडी बूट, नि नवरा बारीक, चष्मेवाला, दर चार पावलांवर "सावकाश गं" म्हणणारा. बाई शाळेत चित्रं शिकवते. आपल्या लेण्यांचं चित्र काढायला आली. मी म्हटलं, "बाय, धड एक खांब नाय तिथं. वाघळांची घाण नि पाण्याची टाकी. पडक्याचं कसलं चित्र काढतेस?" तर हसली, म्हणाली, "पडकंच हवंय, आजी."

आजी म्हणाली मला! आणि मला एकदम तुझी लेक आठवली. तुझ्या गिरणीतला पांडू मुंबयहून गौरी-गणपतीला आलेला, त्यानं सांगितलं तुला पोरगी झाली, आवडी नाव ठेवलंन. तुझा पत्ता पण त्यानंच दिला. मी इतकी हसले त्या दिवशी, की बनुबाई म्हणाली, "बाई गो, हिला काय लागलंबिगलं काय?" रात्रीच्या प्रौढांच्या वर्गाचे गुरुजी विचारतात, आजीबाई या वयात कशाला अक्षरं गिरवता, तर मी सांगत नाय. ह्यांना पण सांगितलं नाय. मी लिहायला बसले की ह्यांना वाटतं धडा गिरवते हाय. वाटू दे. तुझं नाव या घरात काढायचं नाय असं ह्यांनी सांगितलं, ते तोंडानं काढायचं नाय असं मी धरलं हाय.

तर काय सांगत होते. बाईकडं चित्राचं सामान म्हणून कायच नाय. रंगांची पेटी नि कागदांची गुंडाळी गाडीच्या टपावर. ही दोघं आपल्या फाट्यावर उतरली, नि गाडी गेली पुढं महाड करत पोलादपूरला. नवरा म्हणतो, "मी कंडक्टरला सांगितलं होतं." बाई म्हणते, "तू कंडक्टरला सांगितलं नाहीस. तू कंडक्टरकडे बघितलंस." बनुबाई पदर तोंडात कोंबून हसायला लागली. मी म्हटलं, पेटीला घाट बघायचा असेल, बघून येईल, तोवर पडवीत राहा. कंडक्टरला निरोप धाडला हाय.

तुझे बाबा होते तिथंच, मागल्या दारी. तुला ठाऊक नसेल, ते आता तिथंच बसतात. पुढल्या ओट्यावरनं लेणी दिसतात. आपला चांगू गेला त्याला सहा वर्सं झाली, तेव्हापासनं ह्यांनी तिकडं मान केली नाय. शेतावर जायचं तर ओढ्याच्या अंगानं वळसा घालून जातात. गवत विकत आणतो. दोर पण विकत, महाडच्या बाजारातनं. आधी ह्यांच्या हातचा वाखाचा दोर न्यायला आख्खं पाले यायचं.

हे मी सहज लिहिलं. मी रडत नाय. रडू आटलं असंही नाय, कुठं ठेवलंय तेच आठवत नाय. भाकरी थापते, भात पाखडते. बरी हाय.

बाई म्हणाली, "आजी, घरात कोळसा असेल ना? नि एखादा मोठा कागद?" कोळसा चुलीत हवा तेवढा. कागद म्हणशील तर कणगीच्या तोंडावरचा. भातावर धूळ नको म्हणून महाडच्या कापडवाल्याकडनं गठ्ठ्याचा खाकी कागद आणला होता. एक पुरेना म्हणून दोन जोडून, तांदळाची खळ लावून मीच चिकटवला. चांगला रुंद झाला. काढून दिला. आता कणगी उघडी हाय, ताट ठेवलंय वर.

आवडीला दात आले का? मध दे चाटायला, पण लई नको.

तुझी आई


पाले
मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, शनिवार

हैबती,

तुझं उत्तर नाय. इतक्यात कुठनं येणार. मी काय वाट बघत नाय, टपालवाला दिसला की नुसते हात पुसते.

परवाचा दिवस काड्या भाजण्यात गेला. ऐनाचा कोळसा कडक, कागदाला ओरखडे नुसते. मग बाईनं चिंचेच्या बारीक काड्या मागितल्या. मी गाडग्यात दाटून भरल्या, तोंडावर परळ ठेवून शेणमातीनं लिंपलं नि आरात पुरलं. सकाळी फोडलं तर अख्ख्या काड्या, काळ्याभोर, हातात घेतली तर टिचकीनं वाजते. बाईनं एक ओढून बघितली नि नवऱ्याला म्हणाली, "दुकानातल्यांपेक्षा बरी आहे." नवरा म्हणाला, "म्हणजे पेटी आली नाही तरी चालेल." ती म्हणाली, "पेटी आली पाहिजे. नाहीतर तू घरी येऊ नकोस." असं बोलतात दोघं, नि मग एका ताटात जेवतात.

आधी तिनं गंमत म्हणून एका तुकड्यावर आपली तुरेवाली कोंबडी काढली. म्हणाली, कोळसा झडतो, त्यावर पेज फुंकली की बसतो. मी पपईच्या पानाचा देठ नळी म्हणून दिला, नि वाटीत पेज. ती फुंकरीनं तुषार मारत होती, मला नवल. कोंबडी वाळत ठेवली उन्हात, नि बघते तर वासरू आपलं कागद चाटतंय! अरे, मी पेज आणली ती आपल्या रोजच्या पेजेतली. मीठ घातलेली. मीठ घातल्याशिवाय पेज करायची हेच हाताला ठाऊक नाय. कोंबडीची शेपटी गेली वासराच्या पोटात. बाई इतकी हसली, तिचा काळा हात कपाळाला लागला, कुंकवाच्या शेजारी कोळसा.

बिनशेपटीची ती कोंबडी आवडीसाठी ठेवली हाय. पाकिटात मावत नाय, दुमडली तर तुटेल. कशी पाठवायची ते बघू.

मग मोठा कागद. पुढल्या ओट्यावर फळी टेकवून बसली. मी हळद दिली, काव दिली, शिंदीची काडी चावून कुंचा करून दिला. गवत आता पिवळं पडलंय ना डोंगरावर, त्याला हळद. मातीला काव. बाकी डोंगर तर कागदच, खाकी. त्याला तिनं काय लावलंच नाय. मी म्हटलं, "अगो, डोंगर राहिला." म्हणाली, "डोंगर आधीच होता आजी, कागदात." कोळसा जाड, त्यानं बारीक कायच येत नाय. पायऱ्या नाय, नक्षी नाय, ते अक्षर कोरलंय ते नाय. नुसती दारं, काळी काळी, एकाशेजारी एक. जवळनं बघितलं तर चुलीचे डाग. बनुबाई म्हणाली, "हे मी पण काढीन, पोतेऱ्यानं." मग कुंपणापर्यंत गेली नि तिथनं वळली, तर तिथंच उभी. लांबनं बघितलं की लेणी होती ती. आपलीच. मोठ्या लेण्याचे मोडके खांब, तोंडात चार दात उरल्यासारखे.

आता पुढचं लिहिते. पाणी पिऊन आले.

मोठ्या लेण्याच्या वर, जिथं कपाळ म्हणतो आपण, जिथं गवत लांब राहतं कारण तिथं गुरं जात नाय, तिथपर्यंत बाई आली नि कोळसा लागेना. तिनं दाबला, निसटला. पुन्हा दाबला, काडी मोडली. कोंबडीसाठी कापून उरलेल्या तुकड्यानं घासलं, तरी नाय. कागदाचा सांधा नेमका तिथनं गेलेला. मी खळ लावली होती ती बाहेर आलेली, वाळून काचेसारखी. तिच्यावर कायच बसेना. सगळ्या काळ्यात तेवढी एक फिकी रेघ, कपाळापासनं खाली खांबापर्यंत. वरनं खाली.

बाई पुटपुटली, "इथेच नेमका." मग मोठ्यानं आत विचारलं, "आजोबा, त्या मोठ्या लेण्याच्या वर काय आहे हो? झाड आहे, की नुसता दगड?"

तिला काय ठाऊक. मी हळद खलत होते. हात थांबला नाय माझा, खलतच होते.

हे मागल्या दारानं उठून आले. घरातनं सरळ पुढं ओट्यावर. मला वाटलं चिडतील, फळी उधळतील. तर उभे राहिले. आधी कागदाकडं बघितलं, मग मान वर केली नि डोंगराकडं बघितलं. सहा वर्सांनी. मी त्यांच्याकडं बघत होते. तोंडावर काय नव्हतं. माझ्या पण नव्हतं. असंच झालंय आमचं, दोन घडे शेजारी ठेवल्यासारखे.

बाई म्हणाली, "हा सांधा आहे ना, तो कोळसा धरत नाही. थोडी हळद लावून झाकते."

"नको," हे म्हणाले. "ऱ्हाऊ दे. तेवढी जागा ऱ्हाऊ दे."

बाईनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्यासमोर हळदीची वाटी धरलेली, बोटं पिवळी. नि माझ्या तोंडातनं निघालं. ठरवलं नव्हतं रे. मी म्हटलं, "आमचा धाकटा तिथनं पडला. गवत काढायला दोर लावून उतरलेला. वरनं थोरल्यानं दोर धरला होता." नि मग ह्यांच्याकडं वळून म्हटलं, "थोरल्याच्या हाताला मी अशीच हळद भरली होती. तळव्यांची साल गेली होती सगळी. मांस दिसत होतं."

ह्यांना ठाऊकच नव्हतं, हैबती. कसं ठाऊक असणार. ते खाली चांगूपाशी होते, मग नदीवर. घरी आले ते तुला एवढंच बोलले, दोर तुझ्या हातात होता. मग तू घोंगडी पांघरून बसलास, हात आत, नि तेरावं व्हायच्या आधी निघून गेलास. नि तुझं नाव काढायचं नाय म्हटल्यावर तुझ्या हातांचं कुठनं काढणार?

चष्मेवाला उगाच पिशवीचा बंद सोडबांध करत होता.

मग ह्यांनी विचारलं, "दोन्ही हातांची?"

मी म्हटलं, "दोन्ही."

आत गेले. मागल्या दारी जाऊन बसले. मी भात लावला. मोठ्या चित्राला पेज केली ती बिनमिठाची केली, आठवणीनं. बाईनं फुंकून बसवली. तिचे डोळे ओले होते, माझे नव्हते. मला वाटलं, पाहुणीला रडवलं, काय म्हणेल.

रात्री हे जेवले. कढी जास्त घेतली.

आई


पाले
मार्गशीर्ष पौर्णिमा, शनिवार

हैबती,

मधे लिहिलं नाय. भात मळून झाला, पेंढा रचला. बनुबाईची म्हैस व्याली, रेडी झाली, त्याचा चीक खाऊन अख्ख्या आळीचं पोट बिघडलं. बनुबाई म्हणते चीक बरा होता, आमची पोटंच दळभद्री.

पाहुणे सोमवारी गेले. पण आदितवारी त्यांची पेटी आली ना! कंडक्टरनं फाट्यावरच्या चहावाल्याकडं टाकली होती. चष्मेवाला ती डोक्यावर घेऊन आला, लग्नातला रुखवत आणल्यासारखा. म्हणाला, "घ्या. आता मला घरात घ्याल ना?" बाईनं पेटी उघडली. काय सांगू, नळ्या नळ्या, एकेक रंगाच्या, नि कागद पांढराशुभ्र, जाड, हात लावायला भीती वाटावी असा. मी लुगड्याला हात पुसून मग लावला.

ती परत ओट्यावर बसली नि त्या कागदावर सगळं नव्यानं काढायला घेतलं. यात पायऱ्या आल्या. कोरलेलं अक्षर आलं, पाण्याचं टाकं आलं, खांबांवरच्या भेगा आल्या. पण काढलं माझ्या चिंचेच्या काड्यांनीच, रंग नंतर भरीन म्हणाली. दुपारपर्यंत सगळं झालं नि मग कपाळापाशी येऊन हात थांबला. इथं सांधा नाय. कागद सगळीकडं सारखा. जे लावशील ते धरणार. तिनं काडी टेकवली, उचलली. टेकवली, उचलली.

हे मागनं आले. या खेपेला कुणी हाक मारली नव्हती.

बाई म्हणाली, "आजोबा, त्या कागदावर आपोआप राहिलं होतं. इथं मला काहीतरी काढावंच लागेल. काय काढू?"

हे वाकले. कागदावर बोट न लावता, वरनंच, ती रेघ दाखवली, कपाळापासनं खाली. म्हणाले, "कागद बरा हाय. सगळं धरतो." मग म्हणाले, "मला काय ठाऊक तिथं काय हाय. मी खाली होतो. वर होता तो एकच."

"तुमचा थोरला."

"व्हय."

"मग त्यांना विचारून ठेवा," बाई म्हणाली. "तेवढं मी कोरं सोडते. पुन्हा येईन तेव्हा काढीन."

हे नको म्हणाले नाय. व्हय पण म्हणाले नाय. एवढंच म्हणाले, "गवताचं काय ते त्यालाच ठाऊक. नि दगड सुटा होता का, ते पण."

सुटा होता का, असं म्हणाले. मी दोनदा ऐकलं ते, एकदा त्यांच्या तोंडून नि एकदा रात्रभर.

खाकी कागदाचं चित्र बाईनं आम्हाला ठेवलं. कागद तुमचा, कोळसा तुमचा, पेज तुमची, मी काय नेऊ, म्हणाली. मी परत कणगीवर घालणार होते, धूळ बसते ना. तर ह्यांनी घेतलं नि बाभळीचे काटे टोचून भिंतीला लावलं. आता हे पुढल्या ओट्यावर बसतात असं लिहायला मला आवडलं असतं, पण खोटं कशाला लिहू. मागल्या दारीच बसतात. चित्र मागल्या दारी लावलंय. समोर. तंबाखू मळतात नि बघतात. ती फिकी रेघ आता कळकट झाली थोडी, धूर लागतो. परवा हातानं पुसत होते हळूच, तर म्हटलं, "कोळसा जाईल." तर म्हणाले, "तिथं कोळसा नाय."

मला काय वाटतं विचारशील तर मला ठाऊक नाय रे. आनंद म्हणावा तर पाय उचलत नाय. पण काल बनुबाईनं विचारलं, "आजकाल गुणगुणतेस काय गो?" मी कुठं गुणगुणते? आवडीला निजवताना म्हणशील ना काहीतरी, मला एक आठवलं होतं, चांगूला म्हणायचे ते, तेच असेल.

आज हे लिहायला बसले नि हे आत आले. म्हणाले, "धडा काय संपत नाय तुझा."

मी म्हटलं, "मोठा हाय धडा."

"गुरुजी पाकिटात घालायला सांगतात धडा?"

पाकीट गुडघ्याखाली होतं, टोक दिसत असणार. कधीपासनं दिसत होतं त्यांना, देव जाणे. पहिल्या पत्रापासनंही असेल. ह्या माणसाचं असंच.

उंबऱ्यावर बसले. पानाचा डबा उघडला, मिटला. म्हणाले, "पाहुणे परत कधी यायचे ते लिहिलंस काय त्यात?"

मी म्हटलं, "नाय अजून."

"लिही."

मी म्हटलं, "अहो, पण त्यांनी दिवस कुठला सांगितलाय बघा. संक्रांतीचा दुसरा. तिला आदितवारची सुट्टी, म्हणून तो धरला, शहरातली माणसं, त्यांना काय कळतं. करीचा दिवस तो. करीच्या दिवशी कुणी घराबाहेर पाऊल टाकत नाय, शुभ काय करत नाय. मी त्यांना कळवू का, पुढला आदितवार धरा म्हणून?"

हे म्हणाले, "आपलं कुठं शुभ काम हाय? एक जागा कोरी ऱ्हायली हाय, ती भरायची. त्याला करीच बरी. गिरणीला पण सुट्टी असते आदितवारी." मग उठले. "पोरीला थंडी लागेल म्हणावं, कानाला बांधून आणा."

एवढं बोलून मागल्या दारी गेले.

लिही म्हणालेत, म्हणून लिहिते. संक्रांत शनिवारी. पाहुणे यायचेत आदितवारी, करीच्या दिवशी.